पाखरांचे बार

“ऐकलंस?” आप्पाने चहाची बशी ओट्यावर ठेवली.

मी ऐकलं होतं. मळा घरापासून लांब नव्हता. तिथला बार उडाला की आमच्या पडवीचा पत्रा हलकेच थरथरायचा.

“आता थोड्या वेळाने दुसरा होईल,” आप्पा म्हणाला. “आज धनत्रयोदशी. गावात अजून कुणाचं पोर उठलेलं नाही, आणि पहिला फटाका वाजला कुणाच्या शेतात? तर तुझ्या.”

“फटाका नाही तो. पाखरं हाकायचा बार आहे.”

“वाजतो ना?”

“वाजतो.”

“मग झालं.”

आप्पा माझा थोरला चुलतभाऊ. खैरनारांच्या भाऊकीत त्याचा शब्द शेवटचा असायचा. लहानपणी आम्ही एका गोधडीत झोपलेलो, म्हणून तो मला मधू म्हणायचा. बाकी सारं गाव गुरुजी म्हणे. माझा जन्म प्राथमिक शाळेत गेला. निवृत्त झालो तरी संध्याकाळी भाऊकीतली पोरं पाढे म्हणायला याच ओट्यावर यायची. त्या वर्षी भाद्रपदापासून ती यायची थांबली होती.

भाद्रपदात दिगंबर गेला. माझा एकुलता मुलगा. पाऊस पडून गेला होता, तो बागेत मोटर सुरू करायला गेला, आणि स्टार्टरच्या पेटीत करंट उतरलेला होता. एवढंच. त्यानंतर मला काही वाटत नव्हतं. ताट समोर आलं की जेवायचो. कुणी भेटायला आलं की समोर बसायचो. लोक म्हणायचे, गुरुजींनी फार धीराने घेतलं. धीर वगैरे काही नव्हता. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटेनासा होतो ना, तसं झालं होतं. फक्त पायाचं नव्हे, सगळ्याच अंगाचं.

“मधू, मी काय सांगतोय ते ऐक,” आप्पा म्हणाला. “दिगूसाठी सबंध भाऊकीने यंदा दिवाळी ठेवली नाही. आकाशकंदील नाही, फटाके नाहीत. माझ्या भूषणच्या टिकल्यांच्या डब्या मी स्वतः काढून कपाटात टाकल्या. पोरगं दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. आम्ही सगळे तोंडाला कुलूप लावून बसलो, आणि ज्याच्यासाठी लावलं त्याच्याच दारात बँडबाजा. बाहेरच्या आळीतले हसतात. म्हणतात, खैरनारांची विधवा सून पहाटेच दिवाळी करते.”

मी त्याची बशी उचलून बाजूला ठेवली.

“भाऊबीजेपर्यंत थांबव तिला. जास्त काही मागत नाही मी.”

“तोवर बाग राहील?”

“नाही राहिली तर नाही राहिली,” आप्पा म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, “तसंही भाऊबीजेला सुभाष येणारच आहे.”

सुभाष म्हणजे माझ्या सुनेचा, हेमलताचा भाऊ. दिगूच्या दहाव्यालाच त्याचं आणि आप्पाचं बोलणं झालं होतं. भाऊबीजेला सुभाषने जीप घेऊन यायचं, हेमलताला आणि सात वर्षांच्या मयूरीला कायमचं माहेरी न्यायचं, आणि बाग आप्पाच्या मुलाने वाट्याने करायची. सगळ्यांच्या भल्याचंच होतं. माझ्यासमोर बोलणं झालं तेव्हा मी मान हलवली होती. हेमलता एवढंच म्हणाली होती, “हा बहार मी काढते. माझ्या हातून तो निघाला नाही, तर तुम्ही म्हणाल तिकडे जाईन.”

त्या बहाराची गोष्ट अशी. आमच्या बागलाणात द्राक्षाची छाटणी लवकर करतात. इतरांच्या बागा दिवाळीत छाटणीला लागतात, तेव्हा आमच्याकडे घडांत साखर भरत असते. भाव चांगला, पण त्या वेळी आसपास दुसरं गोड काही नसतं, त्यामुळे भोरड्यांचे थवेच्या थवे येऊन कोसळतात. भोरडी मैनेच्या जातीची. काळं डोकं, गुलाबी अंग. एका मण्याला चोच लागली की रस गळतो, खालचे मणी चिकट होतात, गांधीलमाश्या येतात आणि सबंध घड सडतो. वर पसरायच्या जाळ्या तेव्हा आमच्या भागात फारशा आल्या नव्हत्या. गोफण होती, डबे होते, आणि दिगूने त्या उन्हाळ्यात नाशिकच्या एका दुकानातून आणलेले बार होते.

हेमलता मळ्यातून परतली तेव्हा आप्पा गेला होता. तिच्या लुगड्याला बाराच्या दारूचा वास येत होता. मी तिला आप्पाचा निरोप सांगितला.

ती हातपाय धूत होती. “चार दिवस नाही वाजवले नाना, तर पाचव्या दिवशी वाजवायची गरजच राहणार नाही.”

“आप्पाला तसं सांगू?”

“सांगा. नाहीतर नका सांगू. मी उद्याही जाणार आहे.”

मयूरी दारात उभी होती. ती आईला म्हणाली, “तू वाजवते, मग मला का नाही? मी एक टिकली मागितली तर आजी रडायला लागली.”

हेमलता आत गेली. मयूरी माझ्याकडे वळली.

“नाना, आईचे फटाके आणि आपले फटाके वेगळे असतात?”

“असतात.”

“कसे वेगळे?”

चाळीस वर्षं मुलांत काढलेल्या माणसाची एक खोड असते. मुलाने प्रश्न विचारला की तो टाकता येत नाही. बाकी सगळं गेलं होतं, तेवढी खोड राहिली होती. मी तिला सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मलाच नीट माहीत नाही. दिगू गेल्यापासून मी मळ्यात पाऊल टाकलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी आप्पाच्या दारात गेलो.

“उद्या पहाटे भाऊकीची पोरं मळ्यात पाठव,” मी म्हणालो. “शिकवणी आहे.”

“दिवाळीच्या सुट्टीत शिकवणी?” आप्पा माझ्याकडे बघत राहिला. “आणि मळ्यात?”

“हो.”

त्याला वाटलं असावं, माझं डोकं ठिकाणावर नाही. पण मी दीड महिन्यात आपण होऊन एक गोष्ट मागितली होती. तो म्हणाला, “पाठवतो.”

नरकचतुर्दशीला उजाडता उजाडता पोरं आली. सात-आठ होती. डोळे चोळत, स्वेटर घातलेली, तोंडं आंबट केलेली. सगळ्यांत पुढे आप्पाचा नातू भूषण, पाचवीतला. हेमलता बागेच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात आधीच पोचली होती. मी पोरांना बांधावर ओळीने बसवलं. स्टार्टरची पेटी माझ्या उजव्या हाताला होती. नवीन खांबावर, नवीन पत्र्याची. मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

गावात अभ्यंगस्नानं सुरू झाली होती. बाहेरच्या आळीतून फटाक्यांचे आवाज येत होते.

“डोळे मिटा,” मी म्हणालो. “हा कोणता?”

“लवंगी माळ,” सगळे एकदम म्हणाले.

“आणि हा?”

“सुतळी बॉम्ब.”

“लक्ष्मी तोटा आहे तो,” भूषण म्हणाला. “सुतळीचा आवाज छातीत येतो. मला नका शिकवू.”

“बरं. सुतळी बॉम्ब पेटवल्यावर काय करतोस?”

“पळतो.”

“किती लांब?”

“तुळशीपर्यंत. मग वळून बघायचं. वळलं नाही तर काय मजा.”

“आणि बॉम्ब वाजला की?”

“सगळे ओरडतात. समोरचे काका शिव्या देतात.” पोरं हसली. कितीतरी दिवसांनी मी पोरांचं हसू ऐकत होतो. ते कानावर पडत होतं, एवढंच.

“आता काकूंचा बघा.”

हेमलताने मांडवाच्या लोखंडी अँगलला एक जाड सुती दोर टांगला. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला, त्यामुळे तो भडकत नाही, नुसता धुमसतो. दोराच्या पिळात तिने बार खोचले होते. करंगळीपेक्षा थोडे जाड, भुऱ्या कागदाचे, वर ना लक्ष्मीचं चित्र ना चमकीचा कागद. खाली एक कापलेलं पत्र्याचं पिंप ठेवलं होतं. दोराचं खालचं टोक तिने निखाऱ्याला लावलं, त्यावर फुंकर घातली आणि सावकाश चालत आमच्यापाशी येऊन बसली.

“काकू, पळाला नाहीत?” भूषणने विचारलं.

“पळून काय करू? अजून खूप वेळ आहे.”

“वाजणार कधी?”

“दोर जळत जळत वर जाईल. पहिल्या बाराच्या वातीपर्यंत पोचला की ती पेटेल, बार सुटून पिंपात पडेल, आणि मग वाजेल.”

“मग बार जवळ जवळ का नाही लावले? माळेसारखे?”

“माळ लावली तर सगळे एकदम वाजतील. पाखरं एकदाच उडतील आणि परत येऊन दिवसभर खात बसतील.”

मी विचारलं, “अंतरही सारखं दिसत नाही. हा बार वितीवर, तो टिचभरच वर. असं का असेल?”

पोरं दोराकडे बघू लागली. मयूरी म्हणाली, “घाई झाली असेल.”

“नाही,” हेमलता म्हणाली. “सारख्या वेळाने वाजला तर पाखरं शिकतात. त्यांना कळतं, हा येतो आणि जातो, करत काही नाही. मग बार उडाला तरी ती घडावरून हलत नाहीत. नुसती मान वर करतात. म्हणून अंतर कमीजास्त ठेवायचं आणि दोर रोज दुसऱ्या कोपऱ्यात टांगायचा.”

मान वर करून परत खाणारी पाखरं माझ्या डोळ्यांसमोर आली.

आम्ही थांबलो. दोराचं टोक राखाडी होत वर सरकत होतं, पण इतकं हळू की बघणाऱ्याला कळू नये. एक पोर चुळबुळलं, दुसऱ्याने ढेकूळ फोडलं. आप्पा कधी मागे येऊन उभा राहिला, ते मला कळलं नाही. ही कसली शाळा ते बघायला तो आला असणार.

पूर्वेकडून भोरड्या आल्या. आधी धुराची पट्टी वाटावी अशा, मग ती पट्टी वळली, दाटली आणि बागेच्या मधोमध उतरली. मांडवाखाली एकदम कलकलाट झाला.

“वाजव ना गं आता,” मयूरी कुजबुजली.

“माझ्या हातात नाही ते,” हेमलता म्हणाली.

आणि मग बार झाला. पिंपात घुमून तो असा आला की पोरांनी कान झाकायच्या आत संपला होता. ठिणगी नाही, रंग नाही. एक पांढरट धुराचा गोळा, आणि बागेतून सारा थवा उठला, डोक्यावरून सूं करत ओढ्यापलीकडे गेला.

“झालं?” एका पोराने विचारलं.

“झालं.”

“आता?”

“आता पुढच्याची वाट बघायची.”

“किती वेळ?”

“आधीइतका नाही. किंवा त्याहून जास्त.”

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मी विचारलं, “सांगा, यात आणि तुमच्या फटाक्यात फरक काय?”

“याला उजेड नाही.” “वात लांब, म्हणजे तो दोरच वात आहे.” “पळायला लागत नाही.” उत्तरं येत होती. एक बारकी मुलगी म्हणाली, “यात मजा नाही, गुरुजी.”

“बरोबर,” मी म्हणालो. “आणखी?”

“फटाका वाजला की सगळे जवळ येतात,” मयूरी म्हणाली. “हा वाजला की सगळे निघून जातात.”

मला यापेक्षा चांगलं उत्तर माहीत नव्हतं. मी “शाबास” म्हणालो.

तेवढ्यात दोराचा दुसरा बार सुटला. दोर वाऱ्याने हलला होता, म्हणून तो पिंपात न पडता पुढे गवतात पडला. आम्ही कानांवर हात नेले. काही झालं नाही. थोडं थांबलो. तरी काही नाही.

“फुसका,” भूषण म्हणाला.

आमच्याकडची पोरं दिवाळीत फुसक्यांवर टपलेली असतात. न वाजलेला फटाका दिसला की जो आधी उचलेल त्याचा. असे फुसके गोळा करायचे, मोडायचे, त्यांची दारू कागदावर काढायची आणि पेटवायची, की भपकन ज्वाळ उठते. ही त्यांची सगळ्यांत आवडती दारू, विकत न आणलेली. भूषणच्या टिकल्या कपाटात होत्या. समोर गवतात एक अख्खा बार पडला होता, आणि तो इतर कुणी बघायच्या आत त्याने बघितला होता.

तो उठला. हेमलता म्हणाली, “नको रे, त्याची वात सावकाश जळते,” पण तोवर त्याने बांधावरून उडी टाकली होती.

मी त्याला मागून धरलं. कसं धरलं ते सांगता येणार नाही. माझं वय झालं होतं, बांध निसरडा होता. त्याचा स्वेटर पाठीवर माझ्या मुठीत आला आणि आम्ही दोघं तिथेच खाली बसलो.

गवतातला बार उडाला.

माती आमच्या गुडघ्यांवर येऊन पडली. कुणाला काही झालं नाही. हेमलता उभी होती, तिचा हात तोंडावर होता.

“मला वाटलं फुसका आहे,” भूषण म्हणाला.

त्याने अंग झटकलं.

“गुरुजी, सोडा ना.”

ऐकू येत होतं. सोडायला पाहिजे हेही समजत होतं. पण मूठ उघडत नव्हती. पडताना माझं तोंड फिरलं होतं, समोर स्टार्टरची पेटी होती, आणि स्वेटरच्या लोकरीतून पोराची पाठ धडधडताना माझ्या बोटांना लागत होती. गरम होती. किती गरम असते पोराची पाठ.

“गुरुजी,” तो रडवेला झाला, “आता नाही जाणार मी, सोडा.”

आप्पा बांध उतरून खाली आला. एरवी त्याने नातवाला दोन थोबाडीत दिल्या असत्या, तसा त्याचा स्वभाव होता. पण तो माझ्याशेजारी उकिडवा बसला. माझा हात त्याने आपल्या हातात घेतला आणि माझं एकेक बोट सोडवलं. करंगळीपासून. लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घेताना घेतात, तसं.

“सोड, मधू,” तो म्हणाला. “आहे तो. आहे इथंच.”

भूषण सुटला आणि आजोबांच्या मागे जाऊन उभा राहिला.

त्यानंतर पोरं फार वेळ टिकली नाहीत. दोरावर अजून बार होते, पण वाट बघण्याचा त्यांना कंटाळा आला. एकेक करत ती घराकडे निघाली. भूषण सगळ्यांत आधी गेला. आप्पा मात्र बांधावर बसून राहिला. पुढचा बार झाला, त्याच्या पुढचाही. मध्ये तो हेमलताला म्हणाला, “एवढा वेळ लागतो?”

“कधी याहूनही.”

“आणि तू रोज इथं एकटी बसतेस?”

“रोज.”

“या पेटीच्या शेजारी?”

ती दोराकडे बघत राहिली.

आप्पाने धोतराची माती झटकली. “याला फटाके म्हणणाऱ्याला अक्कल नाही,” तो म्हणाला.

“तुम्हीच म्हणत होतात, आप्पा.”

“म्हणून तर खात्रीने सांगतोय.” तो उठला. “माल निघेपर्यंत वाजव. बाहेरच्या आळीत मी बोलतो. आणि दोर पेटवलास की बांधाच्या या बाजूला बसत जा, पेटीच्या नाही.”

भाऊबीजेला सकाळीच सुभाष आला. बरोबर रिकामी जीप होती, मागे सामान बांधायला दोरखंडसुद्धा. भला माणूस. बहिणीच्या काळजीने वाळलेला. ओट्यावर आप्पा होता, मी होतो. मयूरी मामाच्या मांडीवर जाऊन बसली. हेमलता अजून मळ्यातून यायची होती. कौसल्या, माझी बायको, पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. दिगू गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती आणि कुणाशी धड बोलतही नव्हती. रोज पहाटे ती अंथरुणात उठून बसायची. का बसते ते मी कधी विचारलं नव्हतं.

सुभाषने तांब्या घेतला, आणि मळ्यात बार झाला. पत्रा थरथरला. त्याच्या हातातलं पाणी सांडलं.

“हे काय?” तो म्हणाला. “दुखवट्याच्या घरात फटाके?”

“फटाके नाहीत ते,” आप्पा म्हणाला. “बस. पाणी घे.”

“पण तुम्हीच म्हणाला होतात की...”

“म्हणालो होतो. आता जेवून जा.”

सुभाषला काही उमजेना. त्याने माझ्याकडे बघितलं, मग दारातल्या कौसल्येकडे. ही तरी आपल्या बाजूची असेल असं त्याला वाटलं असावं.

“आई, तुम्हाला त्रास नाही होत या आवाजाचा?”

कौसल्येने पदर सारखा केला. “वाजला नाही तर होतो,” ती म्हणाली. “वाजला म्हणजे हेमा तिथं धड आहे.”

ती आत गेली नाही, दारातच उंबऱ्यावर बसली. आम्ही सगळे मळ्याकडे तोंड करून पुढच्या बाराची वाट बघत राहिलो.